सुतपा बिस्वास यांची चित्रे आणि गोव्यातल्या आज्यांची न सांगितलेली हकीगत

अंत्रुज :

सुतपा बिस्वास या बंगाली वंशाच्या ब्रिटिश चित्रकर्तीच्या कामाविषयी इथे सविस्तर बोलता यावे, म्हणून हा धागा काढत आहे. मी फोंड्याच्या बाजूला एका शाळेत चित्रकला शिकवते. 'आपला वारसा' असा विषय दिला की मुले देऊळ, दीपस्तंभ, चर्च, तुळशीवृंदावन आणि बाल्कांव (दारापुढची बसायचे बाक असलेली ओसरी) असलेले जुने घर हुबेहूब काढतात. त्या घरात कोण बाई राहत होती, तिचे माहेर कुठले, ती दिवसभर काय करत होती, यातले काहीही त्या कागदावर येत नाही. बिस्वास यांच्या कामाने मला या रिकाम्या जागेकडे नीट बघायला लावले.

त्यांचा जन्म १९६२ साली शांतिनिकेतनात झाला. वडील आधीच इंग्लंडला गेले होते. सुतपा साधारण चार वर्षांच्या असताना त्यांची आई मुलांना घेऊन मुंबईहून बोटीने निघाली आणि ते कुटुंब तिकडेच स्थायिक झाले. पुढे लीड्स विद्यापीठात कला आणि कलेचा इतिहास शिकताना त्यांना असे दिसले, की स्त्रीवादी विचारांसाठी नावाजलेल्या त्या विभागातसुद्धा साम्राज्य, वंश आणि वसाहतींमधल्या बायका यांबद्दल कुणी फारसे बोलत नाही. त्यांच्या अध्यापिका ग्रिसेल्डा पोलॉक म्हणजे स्त्रीवादी कलेतिहासातले फार मोठे नाव. बिस्वास यांनी 'काली' हा प्रयोग सादर केला तेव्हा त्यांनी पोलॉक यांनाच चेहरा झाकून मध्ये बसवले, म्हणजे एरवी बघण्याचा आणि निवाडा करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती स्वतःच त्या विधीचा भाग झाली. आपल्या अभ्यासाच्या युरोपकेंद्री मर्यादा या विद्यार्थिनीने दाखवून दिल्या, हे पोलॉक यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले आहे.

त्याच काळातले, म्हणजे १९८४-८५ चे, 'हाउसवाइव्ह्ज विथ स्टेक-नाइव्ह्ज' हे त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र. माणसापेक्षा उंच, अनेक हातांची एक गृहिणी कालीच्या रूपात उभी आहे, तिच्या हातात पाते आहे आणि गळ्यात सत्ताधारी पुरुषांच्या मुंडक्यांची माळ आहे. एवढ्यावर ते चित्र संपत नाही. इटलीच्या सतराव्या शतकातल्या आर्तेमिझिया जेंतिलेस्की या चित्रकर्तीने पुरुषाचा शिरच्छेद करणारी बायबलमधली ज्युडिथ रंगवली होती. त्या चित्राची छायाप्रत या गृहिणीच्या हाती दिली आहे. त्यामुळे बंगालची देवी आणि युरोपातली एक दुर्लक्षित चित्रकर्ती एकमेकींच्या बाजूने उभ्या राहतात. हे चित्र भिंतीला सपाट लावत नाहीत, वरची कड पुढे झुकवून टांगतात, म्हणजे बघणाऱ्याला मान वर करावी लागते आणि ती बाई अंगावर आल्यासारखी वाटते.

मला मात्र अधिक बोलायचे आहे ते २०२१ सालच्या 'ल्यूमेन' या चित्रफितीबद्दल. मुंबई ते इंग्लंड हा बोटीचा प्रवास, आई आणि आजी यांचे मागे सुटलेले आयुष्य, हे सारे एकच अभिनेत्री बोलून सांगते. मधूनमधून ब्रिटिश राजवटीच्या काळातली जुनी दृश्ये येतात, ज्यांत कॅमेरा साहेबाच्या हातात आहे आणि आपली माणसे नोकर म्हणून कडेला उभी आहेत. अभिनेत्रीचे बोलणे हा पुरावा नाही आणि ती तसा आवही आणत नाही. कागदोपत्री जिथे काहीच उरलेले नाही, तिथे मुलीने कल्पनेने आईच्या वतीने बोलायचे, आणि ही कल्पना आहे हे लपवायचे नाही, अशी ती रीत आहे.

आपल्याकडे पोर्तुगीज राजवट १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होती. एवढ्या दीर्घ काळातल्या बायकांची हकीगत गोव्यात कुणी अशा रीतीने मांडायची ठरवली, तर सामग्री कुठे मिळेल आणि मुळात ती मांडण्याचा अधिकार कुणाचा, या दोन प्रश्नांवर आपणा सर्वांची मते हवी आहेत.

पाटो :

ताई, विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. मी पणजीला आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकतो. शांतिनिकेतनाचा उल्लेख वाचून आंजेलो द फोन्सेका आठवले. १९०२ साली सांत इस्तेव्ह बेटावर जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात शिकून आला आणि त्याने मेरीला साडी नेसवली, कपाळी कुंकू दिले. त्या काळच्या गोव्यातल्या धर्ममंडळींना ते रुचले नाही आणि फोन्सेकांना पुण्याला जाऊन राहावे लागले. आज त्यांची पुष्कळ चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. पोर्तुगीज साच्यातून बाई सोडवून तिला इथल्या मातीत उभी करण्याचा तो प्रयत्न होता, परंतु ती बाई शेवटी देवमाता होती. तिला स्वतःचे माहेर-सासर नव्हते.

दुसरे उदाहरण आंजेला त्रिंदाद यांचे. वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद मूळचे सांग्याचे आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवणारे नामवंत चित्रकार. त्यांनी बायकोची आणि मुलींची सुंदर व्यक्तिचित्रे केली. पणजीत फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत ती पाहता येतात. आंजेला (१९०९-१९८०) या घरात वाढल्या आणि स्वतः ब्रश हाती घेऊन मोठ्या झाल्या. वडिलांच्या चित्रात शांत बसलेली मुलगी पुढे स्वतः रंगवू लागते, हीच गोव्यातल्या स्त्रीच्या हकीगतीची एक मोठी पायरी आहे, असे मला वाटते. आमच्या वर्गात सूझा आणि गायतोंडे या चित्रकारांवर तासन् तास चर्चा होते, आंजेलांचे नाव मात्र घाईघाईत येऊन जाते. ही उपेक्षा मला मनापासून टोचते.

रायबंदर :

सामग्री कुठे मिळेल, या प्रश्नाला माझ्या नोकरीच्या अनुभवावरून उत्तर देतो. दस्त नोंदणीच्या कामात माझी हयात गेली, तेव्हा थोडे विस्ताराने लिहिले तर क्षमा असावी.

गावकरीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, कागदांत बाई शोधू नये, ती तिथे सापडणार नाही. गावकार, म्हणजे तिचा सभासद, पुरुष; जण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळणार तोही पुरुषालाच. मुलगी लग्न होऊन गेली की गावकरीच्या लेखी ती संपली. चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू एवढ्या प्रसंगी नाव येते. परंतु १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात लागू झाला आणि त्याने एक गोष्ट केली, जिच्याकडे चित्रकारांचे आणि लेखकांचे लक्ष गेलेले मला दिसत नाही. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि स्थावर विकायचे तर बायकोची संमती लागणार. त्यामुळे विक्रीखताला बायको हजर, वाटणीच्या इन्व्हेंटरीत (मालमत्तेच्या यादीत) विधवेचा अर्धा वाटा वेगळा लिहिलेला, मुलींची नावे मुलग्यांच्या बरोबरीने. हिंदू कुटुंबांच्या काही रूढींना या कायद्यात सवलती होत्या हे खरे, तरीही बाईचे नाव, तिच्या बापाचे नाव आणि तिचा गाव ही तीन माहिती एकत्र सापडण्याची जागा म्हणजे नोटरीची वही.

त्या वह्यांतले एक सांगतो. जिला लिहिता येत नसे, तिच्या विनंतीवरून दुसऱ्या कुणीतरी सही करायची, असा प्रघात होता. म्हणजे मजकूर पोर्तुगीजमध्ये, तिला न समजणाऱ्या भाषेत. सही परक्या पुरुषाच्या वळणदार अक्षरात. आणि शेजारी तिचा स्वतःचा असा फक्त अंगठा, तोही कधी शाईने पार भरून गेलेला, कधी इतका फिकट की रेषा मोजता याव्यात. त्या फिकट अंगठ्यांकडे बघून कामाच्या गडबडीतही हात थांबत असे. बिस्वास यांच्या चित्रफितीत एक बाई सगळ्यांच्या वतीने बोलते असे तुम्ही लिहिले आहे. आमच्या वह्यांत एक पुरुष सगळ्यांच्या वतीने सही करतो.

जुने कागद पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. या दप्तराची सुरुवात १५९५ सालची, दियोगो द कोउतो या इतिहासकाराच्या हाताखालची. पोर्तुगीज वाचता येत असेल, किंवा वाचून देणारे कुणी असेल, तर तिथे आयुष्य पुरणार नाही एवढे काम आहे.

वाळवंटी :

रायबंदर भाऊंचा प्रतिसाद फार मोलाचा आहे, तरीही मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. कागदाकडे वळले की आपण आपोआप ज्यांच्याकडे जमीन होती, घर होते, विकायला काहीतरी होते, अशाच बायकांकडे वळतो. आमच्या सत्तरी-डिचोलीच्या बाजूला कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, राबणाऱ्या, दुसऱ्याच्या शेतात लावणीला वाकणाऱ्या बायकांनी कसला दस्त केला असेल? भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरात मोझांबिकहून आणलेल्या गुलाम बायका होत्या, त्यांची नोंद तर मालमत्ता म्हणून झाली.

या बायकांचे दप्तर म्हणजे धालो, हा बायकांचा नाच-गाण्याचा उत्सव. पौषात रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एक रांग गाते आणि दुसरी उचलून धरते, पावले मागे-पुढे होतात. मांडावर पुरुषाचे काम नाही. माहेरची वाट, सासूचा जाच, परदेशी गेलेला दर्यावर्दी भाऊ, गावच्या दैवतांची नावे, असे सारे त्या गाण्यांत ओवलेले असते, आणि ते एकीच्या तोंडून दुसरीकडे जाताना प्रत्येक वाड्यावर थोडे बदलते. मला वाटते की 'ल्यूमेन'मधली एका बाईने अनेकींच्या वतीने बोलण्याची रीत आपल्याला बाहेरून घेण्याची गरज नाही. मांडावर ती कितीतरी आधीपासून आहे, आणि तिथे एकटीच्या नावावर काहीही नसते, हे तर अधिकच चांगले.

पण ही गाणी ध्वनिमुद्रित करून पणजीच्या एखाद्या प्रदर्शनात, काळोख्या खोलीत पडद्यावर दाखवली, तर ती कुणासाठी? मांडावरच्या बायकांपैकी किती जणी तिथवर येतील? स्मृतीची कला ज्यांची स्मृती आहे त्यांच्यापर्यंत पोचली नाही, तर साहेबाच्या कॅमेऱ्यात आणि आपल्यात काय फरक उरला?

सांगेकर :

कुर्डीचा उल्लेख अजून कसा आला नाही, याचे आश्चर्य वाटले. साळावली धरणात बुडालेला आमच्या तालुक्यातला हा गाव उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा वर येतो. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१) याच गावच्या, किशोरी आमोणकरांच्या मातोश्री. त्यांच्या घराचे अवशेष आजही तिथे दाखवतात. मे महिन्यात सोमेश्वराच्या देवळाजवळ उत्सव भरतो आणि इतस्ततः गेलेली कुटुंबे एकत्र येतात.

माझे आजोळ त्या बाजूचे असल्याने एक गोष्ट जवळून पाहिली आहे. पुरुष येतात ते सरळ देवळाकडे जातात आणि धरणाची, मोबदल्याची, तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावकऱ्यांना कसे समजावले याची चर्चा करतात. बायका आधी आपापल्या घराच्या जोत्यावर जातात. छप्पर, भिंत काही नाही. तरी 'इथे चूल, इथे रगडो, इथून न्हाणी' असे त्या चालत चालत सांगतात, आणि सुनांना नेमक्या जागी उभ्या करतात. माझ्या मामीने एकदा चिखलातून हाताने चाचपून तुळशीचा चौथरा काढून दाखवला होता. ही हकीगत बसून विचारली तर ती कधीच सांगत नाही, पाय त्या जमिनीला लागल्यावरच बोलते. त्यामुळे माझे मत असे, की गोव्यात हे काम करणाऱ्याने आधी जागेवर जावे, चित्रकक्षाचा विचार नंतर करावा.

नागेशी :

मोगूबाईंचे नाव आले म्हणून लिहिते आहे. अन्यथा या धाग्यावर फक्त वाचायचे ठरवले होते.

मी कलावंत घराण्यातली, म्हणजे देवळाच्या सेवेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या घराण्यातली, आहे. आज आम्ही गोमंतक मराठा समाजाचे म्हणवतो, आणि ते नाव आमच्या आधीच्या पिढ्यांनी झगडून मिळवले आहे. राजाराम पैंगणकरांसारख्या सुधारकांनी आणि घराघरांतल्या बायकांनी देवळाशी बांधलेले आयुष्य सोडायचे ठरवले, मुलींना शाळेत घातले, लग्ने लावली. केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला; त्यांची भैरवी तिथवर पोचली याचा आम्हाला अभिमान आहे. पण केसरबाई आणि मोगूबाई यांची नावे घेताना लोक विसरतात, की त्याच देवळांच्या आवारात त्यांच्यासारख्या शेकडो बायका होत्या, ज्यांना ना उस्ताद मिळाला ना मुंबईची मैफल.

माझी पणजी त्यांपैकी एक. आजीने तिच्याबद्दल कधीही काही सांगितले नाही. घरात तंबोरा होता तो माळ्यावर गेला. त्याची गवसणी होती जांभळ्या मखमलीची, कडेला जर असलेली; आजीने ती उसवली आणि माझ्या आईला शाळेत पुस्तके न्यायला पिशवी शिवून दिली. ती पिशवी मी पाहिली आहे. तळाशी दुहेरी शिवण घातलेली, आणि जर मुद्दाम आतल्या बाजूला वळवलेली, म्हणजे बाहेरून साधी पिशवी दिसावी.

आता अंत्रुज ताईंचा दुसरा प्रश्न, अधिकाराचा. बिस्वास यांच्या आईची आणि आजीची हकीगत मागे सुटली, कारण देश सुटला, समुद्र मध्ये आला. ती भरून काढणे हे लेकीचे प्रेमाचे काम आहे आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. आमच्याकडे मात्र हकीगत सुटलेली नाही, ती ठेवली गेली आहे. आजीला सगळे ठाऊक होते आणि तिने ते न सांगण्याचा निर्णय घेतला, कारण सांगितल्याची किंमत तिच्या मुलीला मोजावी लागली असती. अभ्यासक येतात, चित्रकार येतात, 'तुमचे मौन आम्ही मोडू' असे सद्हेतूने म्हणतात. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की लादलेले मौन कुठले आणि निवडलेले कुठले, हे तुम्ही आधी पाहिले का? पहिले मोडलेच पाहिजे. दुसरे मोडताना, जिने ते पाळले तिच्या हयातभराच्या कष्टांवर तुम्ही पाय देत आहात, हे लक्षात असू द्या. बंगालच्या कुठल्या कुटुंबाची गोष्ट हे लंडनच्या प्रेक्षकाला कळत नाही. आमच्या गावात मखमलीची पिशवी चित्रात दिसली, की घर ओळखायला संध्याकाळ लागणार नाही.

पाटो :

नागेशी ताई, आपला प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. एक शंका आहे, राग मानू नये. कुणीच काही दाखवले नाही, तर पुढच्या पिढीपर्यंत केवळ देवळाचे दप्तर आणि परदेशी प्रवाशांनी लिहिलेली वर्णने पोचतील. त्यांत या बायकांविषयी जे आहे ते बहुतेक वेळा कुतूहल किंवा तुच्छता. घरातून आलेली हकीगत नसेल, तर ती वर्णनेच खरी मानली जाणार नाहीत का?

नागेशी :

राग कशाचा? शंका रास्त आहे, आणि म्हणूनच मी पिशवीबद्दल इथे लिहिले, आणि गावाचे किंवा घराचे नाव दिले नाही. आईला विचारून लिहिले आहे. ती म्हणाली, 'पिशवीचे लिही, पणजीचे नाव नको.' एवढी मर्यादा पाळूनही काही सांगता येते. 'ल्यूमेन'बद्दल ताईंनी जे लिहिले, की कल्पना ही कल्पना म्हणूनच समोर ठेवायची, ते मला याच कारणासाठी पटले. पणजीच्या वतीने बोलणारी एक बाई मी उभी करू शकते. तिला पणजीचे नाव देणार नाही.

वाळवंटी :

माझ्या आक्षेपात मी श्रोता कोण एवढेच विचारले होते, बोलणारीला धोका कोणता हे विचारले नव्हते. नागेशी ताईंमुळे ते लक्षात आले. फक्त एक भर घालतो. सगळीच हकीगत दुःखाची नाही. लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ अशी सहा वर्षे वामन सरदेसाईंबरोबर सीमेवरच्या रानातून गुप्त नभोवाणी चालवली आणि मुक्तीची वार्ता विमानातून ध्वनिक्षेपकावर पणजीला सांगितली. हाही बाईचाच आवाज आणि तोही वसाहतीच्या स्मृतीचा भाग. मुलांच्या चित्रांत ते विमानही यावे.

अंत्रुज :

या वर्षी मी वारशाचा विषय बदलून देणार आहे. प्रत्येक मुलाने आपल्या आईच्या आईकडे, ती नसेल तर आईकडे जावे, तिच्या माहेरचा गाव विचारावा आणि ती दाखवेल ती एकच वस्तू समोर ठेवून काढावी. चित्रावर घराचे नाव नाही. आजी 'नको' म्हणाली तर मुलाने वर्गात कारण सांगायचे नाही आणि मी विचारायचे नाही. त्याने शाळेच्या आवारातले झाड काढावे आणि ते चित्र इतरांच्या चित्रांतच लागावे, म्हणजे कोण नकार घेऊन आले ते कळणार नाही. चित्रे शाळेच्या पडवीत लावू आणि आज्यांनाच आधी बोलावू. वाळवंटी भाऊंच्या प्रश्नाला एवढेच उत्तर सध्या माझ्यापाशी आहे.

रायबंदर भाऊ, मोठ्या मुलांना एखादा जुना दस्त दाखवायचा असेल तर कुठल्या कुटुंबाला त्रास होणार नाही असा कागद कसा निवडावा, हे कृपया सांगावे. आणि सांगेकर, कुर्डीला वर्ग नेता येईल का?

रायबंदर :

आपल्याच घरचा कागद न्यावा, हे सर्वांत सुरक्षित. माझ्या आजीच्या वाटणीच्या इन्व्हेंटरीची प्रत आहे, भावांना विचारून ती तुम्हाला देतो. तिच्या नावे दोन माड, एक तांब्याचे भाणे (मोठे भांडे) आणि अर्धी विहीर अशी नोंद आहे. मजकूर मराठीत उतरवूनही देईन, म्हणजे मुलांना वाचता येईल.

सांगेकर :

मे महिन्यात पाणी पुरते खाली गेल्यावर नेता येईल, पाऊस सुरू होण्याआधी. शाळेला सुट्टी असेल, तेव्हा पालकांना आधी कळवावे लागेल. मामीला मी विचारून ठेवतो. ती आली तर बरोबरच्या दोघी-तिघीही येतील. उन्हाला तिथे आडोसा अजिबात नाही, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि चिखलात चालवतील अशी पायताणे मुलांनी घालावीत.